रोजनिशी आणि तिचा परीक्षक

रोजनिशीकडे मराठी समीक्षा बहुधा पुराव्याचे साधन म्हणून पाहते. एखाद्या कवितेचा रचनाकाल ठरवायचा असतो, दोन लेखकांमधील बेबनाव नेमका केव्हा सुरू झाला हे शोधायचे असते, चरित्रातला एखादा रिकामा महिना भरून काढायचा असतो. अशा वेळी रोजनिशी उघडली जाते आणि हवे ते वाक्य हाती लागले की मिटली जाते. एक स्वतंत्र संहिता म्हणून तिची भाषा कशी आहे, तिचा आशय कसा घडत जातो, पानावरची तिची मांडणी कोणते कार्य करते, हे प्रश्न तिला क्वचितच विचारले जातात. ते टाळता येणार नाहीत अशी वेळ मराठीच्या एका प्राध्यापकांवर आली ती एका स्पर्धेच्या निमित्ताने. महाजालावर मराठीतून लिहिल्या गेलेल्या व्यक्तिगत रोजनिश्यांचे, म्हणजे ज्यांना कोणी जालनिशी तर कोणी अनुदिनी म्हणतात त्यांचे, परीक्षण करावयाचे होते. परीक्षक तिघे : हे प्राध्यापक, एक कवी आणि उपयोजित कला शिकवणाऱ्या एक बाई. हाती दिलेल्या तक्त्यात तीन रकाने होते. लेखन, आशय, मांडणी. प्रत्येकास १० गुण.

आशय आणि अभिव्यक्ती यांची अशी फारकत करता येत नाही, हे प्राध्यापक वर्गात अनेक वर्षे सांगत आले होते. परंतु उत्तरपत्रिका तपासण्याची सवयही तितकीच जुनी होती, आणि तक्ता समोर आला की हात आपोआप चालू लागतो. पहिल्या काही जालनिश्यांना त्यांनी सढळपणे गुण दिले. घरातला एखादा साधा प्रसंग, थोडा मिस्किलपणा, मध्ये एक आठवण आणि अखेरीस गंभीर चिंतनाकडे घेतलेले वळण असा त्यांचा घाट होता. हा घाट ओळखीचा आहे. फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधाने तो रुजवला, पाठ्यपुस्तकांनी तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांत बसवला, आणि वाङ्मयीन नियतकालिकांतून तो हद्दपार झाल्यावर महाजालावर त्याने नवे घर केले. या लेखनात वाईट काही नव्हते. त्यातील काही तर उत्तम होते. मात्र त्यावर घातलेला दिनांक पुसून टाकला असता तर काहीच बिघडले नसते. ज्या लेखनाला आपल्या दिनांकाची गरज नाही त्याला रोजनिशी म्हणावे काय, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला नाही. तो उपस्थित झाला एका अत्यंत कोरड्या लेखनामुळे.

लातूर जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांनी जून २०१५ मध्ये ही जालनिशी सुरू केली होती. रोज एक ओळ, फार तर दोन. आणि ओळीच्या वर घरामागच्या विहिरीचे एक छायाचित्र. ‘आभाळ आले, गेले.’ ‘पाणी दीड परस.’ ‘शेजारची मोटार बंद.’ विशेषणे जवळजवळ नाहीत, उपमा एकही नाही. व्याकरणदृष्ट्या बहुतेक वाक्ये अपुरी. प्राध्यापकांनी लेखनास ३ आणि आशयास ४ गुण दिले. मांडणीच्या रकान्यात २ पडले, कारण सर्व छायाचित्रे एकसारखी दिसत होती.

तिघे एकत्र बसले तेव्हा बाईंच्या तक्त्यात मांडणीसमोर ९ हा आकडा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ही छायाचित्रे एकसारखी नाहीत. ती एकाच जागेवर उभे राहून, सकाळच्या एकाच वेळी घेतलेली आहेत. रहाटाची सावली विहिरीच्या दगडी बांधकामावर दिवसागणिक सरकत जाते. डिसेंबरात एका टोकाला पोहोचते, मग परत फिरते. सावलीखाली पाण्याची रेषा एकेक दगड उतरते. किती दगड उघडे पडले हे मोजता येते, आणि त्यांनी ते मोजलेही होते. मग प्राध्यापकांनी ओळींकडे पुन्हा पाहिले. पाणी उतरत गेले तशा ओळीही आखूड होत गेल्या होत्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. देशभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी पहिल्या पानावर छापली. या जालनिशीत त्या आठवड्यात रेल्वेचा उल्लेखच नाही. ‘घागरी २’ एवढेच आहे. दुसऱ्या दिवशीही ‘घागरी २’.

कवींचा आक्षेप रोखठोक होता : हे हवामान खात्याचे रजिस्टर आहे, साहित्य नव्हे. रजिस्टर हृदयद्रावक असू शकते, परंतु ते हृदय दुष्काळाने द्रवते, लेखनाने नव्हे.

हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. त्याच्या मुळाशी साहित्याच्या स्वायत्ततेची भूमिका आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात साहित्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव मानले, एक स्वायत्ततेचा आणि दुसरा लौकिकतेचा. त्या मांडणीचा आधार घेतला तर रोजनिशी लौकिकतेच्या ध्रुवाला इतकी चिकटून असते की, दुसऱ्या ध्रुवाचे तिच्यावर काही बल चालते की नाही याचीच शंका यावी. मर्ढेकरांची लयतत्त्वे लावून पाहिली तर अडचण अधिक स्पष्ट होते. संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे पूर्ण झालेल्या रचनेत दिसतात; ज्याच्या डोळ्यांसमोर अखेर एक पूर्ण आकृती येते त्याने घटकांची केलेली ती संघटना असते. रोजनिशीकाराला तो पूर्णाकार कधीच दिसत नाही. मंगळवारची नोंद लिहिताना त्याला बुधवार ठाऊक नसतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) रोजनिशीच्या रूपातला भाग आहे आणि तो प्रभावी आहे, पण तेथे पांडुरंगाला उद्या माहीत नसला तरी कादंबरीकाराला माहीत आहे. खऱ्या रोजनिशीत हा दुसरा जाणता उपलब्ध नसतो. फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने आत्मचरित्राच्या कराराविषयी १९७५ साली जे लिहिले ते आपल्याकडे पुष्कळ चर्चिले गेले. त्याने पुढे रोजनिशीचा विचार करताना तिला दिनांकित खुणांची मालिका म्हटले आणि कल्पिताच्या विरोधी टोकाला बसवले, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. संगणकावर आणि महाजालावर लिहिल्या जाणाऱ्या रोजनिश्यांवर त्याचे स्वतंत्र पुस्तक २००० साली आले, म्हणजे बहुतेक समीक्षक या लेखनाकडे वळूनही पाहत नव्हते तेव्हा.

खुणांची मालिका ही कल्पना मराठीला परकी नाही. ‘रोजनिशी’तील ‘निशी’चा रात्रीशी काही संबंध नाही, झोपण्यापूर्वी लिहावयाची ती रोजनिशी, अशी हळवी व्युत्पत्ती कोणी सांगितली तरी ती खरी नव्हे. हा शब्द फारसीतील ‘नविशी’ म्हणजे लेखन यापासून आला. फडणवीस आणि चिटणीस त्याच कुळातले. गणेश चिमणाजी वाड यांनी वेचे काढून सिद्ध केलेली पेशव्यांची रोजनिशी वाचावयास घेणाऱ्यास तेथे बाजीरावाचे मनोगत सापडत नाही. सापडतात ते सनदा, नेमणुका, वसूल, सूट. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तिच्यातही तिथी आणि घटना एवढेच असते. तेवढ्यावर शिवजन्मतिथीचा वाद कित्येक दशके चालला. इंग्रजी शब्दाची कहाणीही अशीच आहे. जॉर्न बार्गर याने १९९७ साली ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला त्यातला ‘लॉग’ जहाजावरचा. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा ओंडका बांधून तो पाण्यात टाकायचा, दोरी किती वेगाने सुटते ते पाहायचे आणि वहीत उतरवायचे. त्या वहीलाच पुढे ओंडक्याचे नाव मिळाले. मनाची कबुली रोजनिशीत पुष्कळ उशिरा शिरली. जिनीव्हाचा प्राध्यापक आमिएल याने एकोणिसाव्या शतकात सुमारे १७,००० पानांची अंतर्मुख रोजनिशी लिहिली आणि रोजनिशी म्हणजे आत्मशोध हे समीकरण युरोपात पक्के झाले. आपण ते समीकरण तेथून घेतले आणि आपल्याकडच्या जुन्या शब्दावर चढवले. तेव्हा ‘हे तर रजिस्टर आहे’ या आक्षेपाला एक उत्तर असे देता येते की, होय, हा प्रकार मुळात रजिस्टरच आहे. परंतु या उत्तराने मूल्याचा प्रश्न सुटत नाही. फक्त पायरीवरून ओसरीवर येतो.

मूल्याकडे जाण्याची एक वाट उलट बाजूने आहे : रोजनिशी सुधारली की तिचे काय होते? विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ही रोजनिशी नव्हे. १८५७च्या धामधुमीत पाहिलेले त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ मध्ये, लिहून काढले. त्यामुळे झाशीत शिरतानाच पुढे काय होणार हे निवेदकाला माहीत असते, आणि त्या ग्रंथाची सारी रसवत्ता या जाणतेपणातून येते. तरीही चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली तो प्रसिद्ध करताना भाषा आणि मजकूर दोहोंवर संस्कार केले, आणि मूळ पाठ वाचकांसमोर येण्यास १९६६ उजाडावे लागले. तो दत्तो वामन पोतदारांनी आणला. दोन्ही पाठ शेजारी ठेवले तर वैद्यांच्या पाठातली वाक्ये अधिक नीटस आहेत, आणि कमी वेळा विश्वसनीय वाटतात. अ‍ॅन फ्रँकचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून प्रक्षेपित झालेल्या डच नभोवाणीवर तिने ऐकले की, युद्धकाळातील रोजनिश्या आणि पत्रे पुढे संग्रहित केली जाणार आहेत. त्या मे महिन्यापासून ती स्वतःचीच रोजनिशी सुट्या कागदांवर पुन्हा लिहू लागली. म्हणजे १९४२ मधल्या मुलीच्या वाक्यांवर १९४४ मधल्या लेखिकेने हात फिरवला. १९४७ साली पुस्तक निघाले ते वडिलांनी दोन्ही लेखनांतून सिद्ध केलेल्या तिसऱ्या पाठावरून. १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीने तिन्ही पाठ एकाच पानावर छापले, तेव्हा कुठे वाचकाला दिसले की, येथे रोजनिशी आणि कादंबरीकडे झुकणारे लेखन ही एकाच मुलीच्या हातची दोन वेगळी कामे आहेत. तिचे पुनर्लेखन वाङ्मयीन दृष्टीने सरस आहे, याविषयी फारसा वाद होऊ नये. परंतु दिनांकाशी असलेले नाते त्यात सैल पडले आहे, हेही मान्य करावयास हवे. तीन रकान्यांचा कोणताही तक्ता या दोन गोष्टी एकाच वेळी नोंदवू शकत नाही.

१९८६ च्या आवृत्तीचे ते पान ही मांडणीची बाब आहे, आणि येथेच बाईंच्या ९ गुणांचे मर्म आहे. मांडणी म्हणजे सजावट असा समज साहित्याच्या अभ्यासकांत दृढ आहे. मुद्रित ग्रंथांच्या बाबतीत तो बव्हंशी खपून जातो. रोजनिशीच्या बाबतीत मात्र पानच लेखन ठरवते. जानेवारीत बँकेकडून भेट मिळालेल्या डायरीत प्रत्येक दिवसाला एक पान असते. ज्या दिवशी आयुष्यात काही घडले नाही तो दिवस त्या पानाला भरून काढावा लागतो, आणि ज्या दिवशी वडील गेले तो दिवस त्याच पानात कोंबावा लागतो. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर आलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत किती गृहिणींनी किती वर्षे दुधाचा रतीब, गॅसच्या सिलिंडरचा दिवस, कामवालीचे खाडे आणि क्वचित एखादे नाव लिहिले! त्या चौकोनात वाक्य मावत नाही. तरी ती रोजनिशीच आहे, आणि डिसेंबर संपला की रद्दीत जाते. सॅम्युअल पेपिस हा इंग्लंडच्या नौदल प्रशासनातला अधिकारी. त्याने १ जानेवारी १६६० पासून सुमारे साडेनऊ वर्षे शेल्टनच्या लघुलिपीत रोजनिशी लिहिली आणि आपल्या ग्रंथसंग्रहाबरोबर केंब्रिजच्या मॅग्डालिन कॉलेजला ठेवली. १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षे खपून जॉन स्मिथ या विद्यार्थ्याने ती उलगडली. शेल्टनचे पाठ्यपुस्तक त्याच संग्रहाच्या फडताळात होते, हे त्याला माहीत नव्हते.

हा प्रकार मराठीत अगदी अलीकडे घडला आहे, आणि त्याला दीड शतक लागले नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी महाजालावरचे मराठी लेखन वेगवेगळ्या टंकांच्या खाजगी संकेतांत होत असे. तो टंक संगणकावर नसेल तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्या काळातल्या पुष्कळ पानांची गत आज अशी आहे. जी पाने जिओसिटीज या फुकट जागेवर होती ती २००९ साली ती सेवा बंद पडल्यावर मुळातूनच गेली. काही थोडी, कोणी वेळीच नक्कल करून ठेवली म्हणून, राहिली. हे पाहता या लेखनाची मांडणी तपासणे म्हणजे रंगसंगतीला दाद देणे नव्हे. ही संहिता कोणत्या अटींवर वाचनीय राहते, याचा तो शोध असतो. पाठचिकित्सकाला ही दृष्टी हस्तलिखितांच्या संदर्भात उपजत असते. संगणकावरच्या लेखनापाशी येताच ती का गळून पडते, हे कळत नाही.

जालनिशीच्या मांडणीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती परीक्षणाला थेट भिडते. वहीतली रोजनिशी पहिल्या पानापासून पुढे जाते. जालनिशीत सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर असते. वाचक अखेरीपासून आरंभाकडे उतरतो. हा क्रम लेखकाने निवडलेला नसून यंत्रणेने लादलेला आहे. रोज भेट देणाऱ्या वाचकाला त्याचा त्रास होत नाही, कारण तो लेखकाबरोबरच जगत असतो. परीक्षक मात्र सारे संपल्यावर येतो. लातूरच्या शिक्षकांची जालनिशी त्याला वरून खाली अशी दिसली : प्रथम सप्टेंबर २०१६ मधली भरलेली विहीर, मग कोरडी विहीर, मग जून २०१५ मधले आशाळभूत आभाळ. दुष्काळ सरणार हे आधीच कळलेल्या वाचकाला ‘आभाळ आले, गेले’ या वाक्यात काय ऐकू येणार? प्राध्यापकांनी ती पुन्हा वाचली ती तळापासून वर, रोज रात्री दोन महिने या हिशेबाने, आठ रात्री. या वाचनात नोंदी बदलल्या नाहीत, त्यांच्यामधले अंतर बदलले. ऑगस्टमधल्या एका नोंदीत ‘उद्या येईल’ असे आहे. तो उद्या कोणता होता हे वाचकाला एक वर्ष आणि काही दिवसांनी कळते. एकेका नोंदीला गुण द्यायचे तर येथे देण्यासारखे काही नाही. या लेखनाचे एकक नोंद नसून दिनांकांमधला काळ आहे, आणि तो काळ वाचकाने खर्च केल्याखेरीज हाती येत नाही.

मग प्रत्येक चिकाटीची नोंदवही साहित्य ठरेल काय? कवींनी हा प्रश्न सोडला नाही, आणि तो सोडू नये हेच योग्य. पर्जन्यमापकाच्या नोंदीतही क्रम असतो, दिनांक असतो, उद्याचे अज्ञान असते. तेथे नसते ती निवड. मे २०१६ मध्ये शिक्षकांच्या घरी लग्न झाले. त्या दिवशीच्या नोंदीत विहिरीचे माप नाही. ‘मांडवाला टँकर’ एवढेच आहे. कोणाचे लग्न, हे पुढे कधीतरी दोन शब्दांत येते. वर्षभर जे माप एकदाही चुकले नाही ते त्या एकाच दिवशी गाळले गेले, यात एक माणूस दिसतो. रजिस्टर ठेवणारा कारकून ते माप गाळणार नाही. रोजनिशीतील शैलीचा शोध वाक्यांच्या अंगभूत गुणांत करण्यापेक्षा नियम आणि त्याचा भंग यांच्या नात्यात करावा लागतो. आणि भंग ओळखायचा तर आधी नियम सोसावा लागतो. हा निकष कठोर आहे. स्पर्धेतल्या बहुसंख्य जालनिश्या त्यावर उतरल्या नाहीत. कित्येकांत नियमच नव्हता; उत्साहाचे पंधरा दिवस, मग सहा महिन्यांची क्षमायाचना, मग पुन्हा उत्साह. काहींत नियम होता, पण भंग नव्हता. आमिएलची १७,००० पाने केवळ १७,००० आहेत म्हणून मोठी ठरत नाहीत. त्यांतील दीर्घ पट्टे निव्वळ स्वतःभोवती फिरणारे आहेत, असे म्हणण्यात त्याचा अधिक्षेप नाही.

निवड कोणाची, हा प्रश्न तरीही उरतो. लेनर्ड वुल्फ यांनी १९५३ साली व्हर्जिनिया वुल्फ यांच्या रोजनिशीतून लेखनविषयक भाग वेचून एक पुस्तक केले. सर्जनप्रक्रियेच्या अभ्यासकांना ते फार उपयोगी पडले. परंतु पुढे १९७७ ते १९८४ या काळात पाच खंडांत विस्तृत पाठ आला, तेव्हा दिसले की, लेखनाविषयीचे ते तेजस्वी परिच्छेद स्वयंपाकिणीशी झालेल्या कटकटी, डोकेदुखी, पाहुणे आणि छपाईची कामे यांच्या मध्ये उभे होते. वेच्यांच्या पुस्तकात विचार करणारी लेखिका भेटते, पाच खंडांत एक दिवस कसा जातो ते कळते. स्पर्धेच्या आयोजकांचा बेतही निवडक नोंदींचे पुस्तक काढण्याचाच होता, आणि प्रत्येक जालनिशीतून तीन उत्कृष्ट नोंदी सुचवाव्यात अशी परीक्षकांना विनंती होती. लघुनिबंधांच्या धर्तीवरच्या जालनिश्यांतून त्या लगेच निघाल्या. विहिरीच्या जालनिशीतून कोणत्या तीन काढणार? बाईंनी सुचवले की, तीन नोंदींऐवजी एका महिन्याच्या तीस ओळी आणि तीस छायाचित्रे लहान आकारात दोन समोरासमोरच्या पानांवर छापावीत. कवींनी त्यास हरकत घेतली नाही. साहित्य हा शब्द प्रस्तावनेत या संदर्भात वापरू नये, एवढीच अट घातली. प्राध्यापकांना ती अट मान्य नव्हती, आणि आजही नाही.

अहवाल लिहिताना शेवटचा पेच पडला तो ‘शेवट’ या उपप्रश्नाचा. आशयाच्या रकान्याखाली तो बारीक टंकात होता. रोजनिशीला शेवट असतो काय? अ‍ॅन फ्रँकची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ची आहे आणि अटक ४ ऑगस्टची. तो शेवट तिने लिहिलेला नाही. पेपिसने ३१ मे १६६९ रोजी स्वतःहून लेखणी ठेवली. डोळे जातील ही भीती त्याने तेथे नोंदवली आहे. डोळे गेले नाहीत, आणि तो १७०३ पर्यंत, म्हणजे आणखी ३४ वर्षे जगला. त्याच्या त्या अखेरच्या नोंदीतील विषाद खरा आहे की नाही, हे पुढच्या ३४ वर्षांवरून ठरवायचे की त्या सायंकाळवरून? प्राध्यापकांनी सायंकाळच्या बाजूने कौल दिला. विहिरीच्या जालनिशीत सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस पाणी काठाला आले आणि लेखन थांबले. तशी घोषणा नाही, निरोप नाही. त्यानंतर जून २०१८ मधली एकच नोंद आहे, ‘गाळ काढला’, आणि तिच्यावर छायाचित्र नाही. तक्त्यात शेवटासमोर गुण मांडायचे होते. प्राध्यापकांनी तेथे हे दोन दिनांक लिहून दिले.